गाडी आपली, हुकूम दुसऱ्याचा

नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांपुढे ट्रकांची रांग कधी तुटत नाही. त्या रांगेत समोरच्या काचेवर 'जय भीम' लिहिलेल्या गाड्याही असतात. त्या पाहून आम्हाला आनंद होतो. ज्यांच्या वडिलांनी याच गोदामांत हमाली केली, जे स्वतः क्लीनर म्हणून टायर बदलत मोठे झाले, ते आज आरसी बुकावर आपले नाव पाहतात. नोकऱ्या आटल्या, कंत्राटीकरण आले. अशा वेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्यापेक्षा स्वतःचा धंदा करावा, असे आम्हीच सभांमधून सांगत आलो. मग या तरुणांनी जुनी गाडी घेऊन ती ट्रान्सपोर्ट कंपनीकडे लावली, तर तिथे त्यांचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारीही आमचीच नाही काय?

अलीकडे असाच एक तरुण आमच्याकडे आला. चौदा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. पत्नीचे दागिने, भावाची मदत आणि खाजगी फायनान्सचे कर्ज असे जमवून त्याने अकरा वर्षे जुना सहाचाकी ट्रक घेतला आणि एका ट्रान्सपोर्ट कंपनीकडे अटॅच केला. काम परराज्यातले, हैदराबाद आणि रायपूरच्या फेऱ्या. कर्ज तीन वर्षांचे. आम्ही आरसी बुक उघडले आणि पहिल्याच पानावर थांबलो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८८व्या नियमात नॅशनल परमिटसाठी गाडीच्या वयाची अट आहे. साधा दोन अ‍ॅक्सलचा ट्रक बारा वर्षांपुढे गेला की त्याला ते परमिट मिळत नाही. मल्टी-अ‍ॅक्सलला ही मर्यादा पंधरा वर्षांची. म्हणजे ज्या परमिटच्या भरवशावर करार झाला ते वर्षभरात संपणार आणि हप्ते पुढे दोन वर्षे चालूच राहणार! हे दलालाने सांगितले नाही, फायनान्सवाल्याने सांगितले नाही, कंपनीने तर नाहीच नाही. जुनी गाडी घेताना आपली माणसे इंजिनाचा आवाज ऐकतात, पाटे पाहतात, टायर रिमोल्ड आहेत का ते तपासतात. चांगली गोष्ट आहे. पण नोंदणीची तारीख कोणी पाहत नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते आणि जुन्या गाडीला त्याची फीही जास्त पडते, हा खर्च हिशेबात कोणी धरत नाही.

परमिट नसताना गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर काय? सर्वोच्च न्यायालयाने अमृत पाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या २०१८ च्या निकालात सांगितले की परमिटशिवाय गाडी चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. विमा कंपनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना पैसे देईल, पण नंतर ते मालकाकडून वसूल करील. मालक म्हणजे आपला हा तरुण, माल भरणारी कंपनी नव्हे.

इथेच या धंद्याची खरी मेख आहे. माल कोणता, कुठे न्यायचा, किती वाजता पोचायचा, परतीचा माल घ्यायचा की रिकामे यायचे, हे सगळे कंपनी ठरवते. पण कायद्याच्या दृष्टीने जबाबदार तो, ज्याचे नाव नोंदणीवर आहे. त्याच वर्षीच्या नवीन कुमार खटल्यात न्यायालयाने हे इतक्या कडकपणे सांगितले की गाडी विकून टाकली तरी नाव बदलले नसेल तर जुना मालकच भरपाईला बांधील राहतो. आपल्याकडे नुसत्या नोटरीच्या विक्रीपत्रावर गाड्या फिरतात. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव चढवा, विमा आपल्या नावावर करा, जुन्या फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ घ्या, आणि मगच पहिले भाडे उचला. ओव्हरलोडचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झाला. भार वाढवायला लावणाराही कायद्याने दोषी ठरतो. पण काट्यावर अडकते ती गाडी, आणि तिच्यात बसलेला असतो चालक-मालक.

सर्वांत वाईट गोष्ट आम्ही त्या तरुणाला जरा घाबरतच सांगितली. तो पगारी ड्रायव्हर होता तेव्हा कामावर मृत्यू आला असता तर १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला भरपाईचा हक्क त्याच्या पत्नीला होता. आता तो मालक आहे. टायर फुटून त्याची गाडी उलटली तर थर्ड पार्टी विमा त्याच्यासाठी नाही, कारण तो तिसरा पक्षच नाही. त्याच्या घरच्यांना मिळेल ती फक्त मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम, २०१८ पासून पंधरा लाख, आणि तीही त्या विम्याचा हप्ता भरलेला असेल व लायसन्स वैध असेल तरच. त्याची पॉलिसी आम्ही वाचली. दलालाने पैसे वाचवण्यासाठी नेमका तोच हप्ता काढून टाकला होता.

आता भाड्याचे बोलू. डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून रोख, हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला. भाड्यातले मात्र थोडे अ‍ॅडव्हान्स आणि बाकी पोच दिल्यावर, म्हणजे कंपनीच्या मर्जीवर. त्यातून घट कापली, उशीर कापला, कमिशन कापले. गोदामापुढे तीन तीन दिवस गाडी उभी राहिली तरी हॉल्टिंग नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याला भांडवल आणि इतर साधनांची किती जोड आहे यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. एका ट्रकच्या मालकाला आज हेच लागू पडते. गाडी असून दोन महिन्यांचे डिझेल आणि हप्ता बाजूला नसेल, तर तो पहिल्या थकबाकीलाच कंपनीचा बांधील होतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. गाडी घ्यायला कर्ज आणि ती चालवायला काहीच नाही, या प्रकाराचा जाब आपल्या कार्यकर्त्यांनी त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारावा.

थकबाकीवर एक हत्यार आहे, पण ते आधी परजून ठेवावे लागते. उद्यम नोंदणी आधारवर, घरबसल्या, फुकट होते. दलालाला हजार रुपये देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचे पैसे करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागायची. कंपनीने करारात 'न्यायक्षेत्र मुंबई' किंवा 'दिल्ली' घातले असले तरी परिषद आपल्या भागातलीच, कारण कायदा सेवा देणारा कुठला ते पाहतो. करारातल्या लवादाच्या कलमाने हा मार्ग बंद होत नाही, हे २०२२ च्या महाकाली फूड्स निकालात स्पष्ट झाले. पण २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालाप्रमाणे मागच्या व्यवहाराला नंतरची नोंदणी लागू पडत नाही. म्हणून नोंदणी पहिल्या फेरीच्या आधी करा आणि प्रत्येक फेरीचे बिल लेखी द्या. पॅनसह निवेदन दिले तर दहापर्यंत गाड्यांच्या मालकाच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. तोही अनेकांचा विनाकारण कापला जातो.

करार मराठीत मागा. देत नसतील तर इंग्रजी करार सही करण्याआधी घरी आणा. घट कोण मोजणार, माल कोणाच्या समोर उतरणार, हॉल्टिंग कितव्या तासापासून, डिझेलचा भाव वाढला तर भाडे वाढणार की नाही, परमिट संपल्यावर राज्यातल्या फेऱ्या देणार की हाकलणार, हे त्यात लिहिलेले नसेल तर तो करार एकतर्फी समजावा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालचे कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागण्यातही कसली लाज? ते तुमचे आरसी बुक, लायसन्स, विमा सगळे पाहतात की!

हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यांनी माणसे पाठवून रस्त्यात गाडी उचलली तर घाबरू नका. बँकांनी गुंडांकरवी वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच प्रकाश कौर प्रकरणात बजावले आहे, आणि तेही एका ट्रकच्याच कर्जावरून.

त्या तरुणाची तीन महिन्यांची बाकी अडकली आहे. उद्यम नोंदणी त्याने केलेली नव्हती, म्हणून परिषदेचा रस्ता त्याच्यासाठी बंद. आम्ही नोटीस पाठवली आहे. दावा दिवाणी न्यायालयात जाईल आणि तिथे किती तारखा पडतात ते वाचकांना ठाऊक आहेच. गाडी सध्या राज्यातल्या राज्यात किरकोळ माल ओढते. अपघात विम्याचा हप्ता मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी भरला. त्याचा मावसभाऊही आता जुनी गाडी पाहतो आहे. बयाणा देण्याआधी आरसी बुकाची झेरॉक्स आणि कंपनीचा करार घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात ये, असे आम्ही त्याला सांगितले आहे. त्या दिवशी आणखी कोणाला कागद दाखवायचे असतील तर त्यांनीही यावे. आम्ही दुपारपर्यंत तिथेच असतो.