पणतीजवळचा पाहुणा

गेल्या दिवाळीत आम्ही नागपूरहून गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला मामांकडे गेलो होतो. चहूकडे धान पिवळं पडू लागलेलं, मागे मालगुजारी तलाव आणि संध्याकाळी अंगणात पणत्यांची रांग. शहरातल्या माणसाने हेवा करावा असं सारं होतं. फक्त तुडतुडे सोडून! दिवा लागला की ते दिव्याभोवती असे जमत की रांगोळीचा रंग ओळखू येईना.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या कन्येच्या मानेवर काहीतरी वळवळलं. तिने हाताने ते रगडलं आणि ती फुलबाजी पेटवायला धावली. दुसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. भाऊबीजेच्या सकाळी मात्र मानेवर चटका बसावा तसा लाल पट्टा आणि त्यावर बारीक फोड! मामींनी पाहिलं नि हळूच म्हणाल्या, "नागीण तर नाही?" झालं. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "दोन दिवसांपूर्वी दिव्याजवळ किडा चिरडला होता का?" मग त्यांनीच त्याचं वर्णन केलं: मुंगीएवढा लांबट, काळ्या डोक्याचा, नारिंगी अंगाचा, मधे निळसर पट्टा, आणि चालताना विंचवासारखं शेपूट वर करणारा. कन्या म्हणाली, "हाच तो!"

हा पेडेरस. भुंगेऱ्यांच्या ज्या कुळाला इंग्रजीत रोव्ह बीटल म्हणतात, त्यातला. तो चावत नाही, डंखही मारत नाही. चिरडला की मात्र त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि साधारण एक-दोन दिवसांनी फोड येतात. म्हणूनच कारण लक्षात येत नाही आणि लोकांना नागिणीची शंका येते. गंमत अशी की हे विष किडा स्वतः बनवत नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू ते बनवतात, असं 2002 सालच्या संशोधनात दिसून आलं. म्हणजे बिऱ्हाडकरूच्या जोरावर मालकाची दहशत!

घरी येताच मामेभाऊ म्हणाला, "उद्याच शेतात औषध फवारतो. एक किडा शिल्लक ठेवत नाही." तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "अरे, तो धानातच असतो. तुडतुडे खातो तो. त्याला मारलास तर तुडतुड्यांची दिवाळी होईल."

मामांचं म्हणणं खरं आहे. आशियातल्या भातशेतीत पेडेरस हा तुडतुड्यांचा नामी शिकारी म्हणून ओळखला जातो. सरसकट फवारणीत आधी असे मित्र मरतात आणि तुडतुडे पुन्हा वाढतात. पट्टा आमच्या लेकीच्या मानेवर उठला, हे खरं. पण त्यासाठी मामांच्या वर्षाच्या धानाचा राखणदार मारायचा का? त्या रात्री भावाने पंप काढला नाही.

पुढे मी या कुळाबद्दल वाचू लागलो आणि थक्क झालो. पंखांवरचं कवच बंडीसारखं आखूड, पण त्याखाली लांबलचक पंख घडी घालून ठेवलेले. जगात या कुळाच्या साठ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या आहेत. भारतातल्या जातींचे मोठे ग्रंथ मॅल्कम कॅमरन यांनी 1930 ते 1939 या काळात लिहिले. ते मूळचे आरमारातले डॉक्टर. पुढे देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत किड्यांत रमले. त्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयात आहे. त्यामुळे आपल्या रानातल्या किड्याची ओळख पटवायलाही कधीकधी तिकडे विचारावं लागतं.

नवी जात ठरवणं म्हणजे बारशाहून अवघड काम. किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, नराचं जननांग काढून तपासायचं, जवळच्या साऱ्या जातींशी ताडून पाहायचं. मग एक नमुना कायमचा आधार म्हणून संग्रहात ठेवायचा आणि वर्णन छापायचं. त्यानंतरच ते नाव जगात चालतं. कधी याला फार वेळ लागतो. खुद्द डार्विनने 1832 साली अर्जेंटिनात याच कुळातला एक हिरवानिळा भुंगेरा पकडला होता. त्याला नाव मिळालं 2014 साली: डार्विनिलस सेडारिसाय. तब्बल 182 वर्षं तो बिननावाचा पडून होता! डार्विनच्या किड्याची ही गत, तर नवेगाव-नागझिऱ्याच्या पाचोळ्यातल्या किड्यांनी काय म्हणावं? वाघाची गणती होते. त्यांची कोण करणार? आणि ज्याला नावच नाही, तो नाहीसा झाला तर हळहळणार तरी कोण?

कन्येच्या मानेवरचा डाग दोन-तीन आठवड्यांत फिका झाला. नागपूरला निघताना तिने मामांच्या अंगणात मेलेला एक तसलाच किडा कागदाने अलगद उचलून काडेपेटीत ठेवला. मी तिला सांगितलं, की तारीख आणि ठिकाण नसलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नसतो. तिने चिठ्ठीवर दोन्ही लिहिलं आणि खाली स्वतःहून भर घातली: "माझ्या मानेवर होता, पण चूक माझी."

वाचकहो, यंदा पणतीजवळ असा पाहुणा अंगावर आला, तर रगडू नका. फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबण लावून पाण्याने धुवा. तो फराळाला आलेला नाही. त्याचा फराळ धानात आहे.