रात्री तीन वाजताची वही

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मालवणच्या बाजारपेठेत त्या दोन महिन्यांत किराणा उधारीवर जातो, गल्ला हलका होतो आणि दुकानदाराची रात्र जड होते. नारळी पौर्णिमेपर्यंत वसुलीचे नाव काढता येत नाही. वहीतील आकडे अंथरुणापर्यंत येतात. अशा वेळी एखादा हितचिंतक सुचवितो, ‘औषध म्हणून थोडी घ्या, डोळा लागेल.’ गोवा तर हाकेच्या अंतरावर. तेथील स्वस्त दारूचे या भागात कोणाला नवल नाही.

हा सल्ला घातक ठरतो, कारण तो अर्धा खरा आहे. मेंदूतील पेशींना शांत करणारे रसायन म्हणजे ‘गाबा’, चेतविणारे ‘ग्लुटामेट’. मद्य पहिल्याचा प्रभाव वाढविते, दुसऱ्याला रोखते. जागेपणी मेंदूत साठत जाऊन झोपेची ओढ लावणारे ‘ॲडिनोसिन’ही मद्याने अकाली वाढते. झोप लवकर लागते ती यामुळे. मात्र यकृत आपले काम थांबवीत नाही. रात्री दहाला घेतलेले मद्य दोन-तीनच्या सुमारास बरेचसे उतरते आणि दाबलेली चेतना उसळी घेते. छातीत धडधड, घाम, तहान, लघवीची घाई. आणि पुन्हा तीच वही. भावना व स्मृती यांची घडी बसविणारी स्वप्नावस्थेतील झोप पूर्वरात्री दडपलेली असते. घशाचे स्नायू सैलावल्याने घोरणे वाढते, झोपेत श्वास अडणाऱ्यांचा तो अधिक अडतो.

काही रात्रींतच तेवढ्या मात्रेने गुंगी येईनाशी होते, मात्रा वाढत जाते. झोपेच्या अनेक गोळ्याही ‘गाबा’वरच काम करतात, त्या मद्यासोबत घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. जैन घरात ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपविली जाते, खरा धोका तेथेच आहे. उघडकीस येताच वडीलधारी मंडळी पच्चक्खाण घ्यावयास लावतात. हेतू शुद्ध असतो. परंतु रोज बरेच पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मद्यत्याग व्हावाच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार वर्तनाचा मानला जातो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. झोप न आल्यास तळमळत पडून न राहता उठून मंद प्रकाशात बसावे, डोळे जड झाले की परतावे. हिशेब संध्याकाळीच मिटवावा. चहातील कॅफिन ॲडिनोसिनची वाट अडविते आणि पाच-सहा तासांनंतरही त्याचा निम्मा अंश शरीरात उरतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांतही दुकानातला पाच वाजताचा चहा मात्र सुटत नाही!

ज्यांना गावातल्या दवाखान्यात बोलणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, मराठीतून बोलता येते, आणि रात्री तीन वाजताही ती चालू असते.