परतीची वाट आधीं

शस्त्रक्रियेसाठीं परगांवीं जावयाचें ठरलें, म्हणजे आपल्या घरांतून सारी तयारी जाण्याची होते. येण्याची कोणी करीत नाहीं. या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आम्हीं योजिलें आहे, कारण ही चूक आमच्याच हातून घडलेली आहे.

आमचें बिऱ्हाड उलव्यास. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें आणि परळचीं रुग्णालयें आम्हांस जणूं शेजारचीं झालीं. तेव्हांपासून कोंकणांतील गोतावळ्यापैकीं कोणाचें मुंबईस ऑपरेशन असलें कीं मुक्काम आमच्याकडे, असा परिपाठ पडला. गेल्या वर्षीं चिपळूणचे आमचे वडील बंधू आंतड्याच्या शस्त्रक्रियेकरितां आले. ती सुखरूप पार पडली. रुग्णालयांतून सुटल्यावर दोन दिवस ते आमच्याकडे राहिले. तिसऱ्या दिवशीं मात्र 'आतां चिपळूण' म्हणून धरून बसले. शस्त्रवैद्यांस न विचारतां आम्ही त्यांस मोटारींत घालून निघालों. माणगांवाजवळ त्यांस थंडी वाजून ताप भरला, जखमेवरील पट्टी ओली झाली. तेथील डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, "कागद कोठें आहेत?" कागद उलव्यास, कपाटांत! कोणतें औषध चालू, कोणतें सोसत नाहीं, हें बरोबरच्या चार पुरुषांपैकीं एकासही सांगतां येईना. पंचतंत्रांतील यद्भविष्य मत्स्याची गति वर्षानुवर्षें मुलांस शिकविणारे आम्ही, प्रसंग येतांच त्याच्याच पंक्तीस बसलों.

म्हणून आमचें सांगणें असें, कीं शस्त्रक्रियेची तारीख घेतांनाच लांबचा प्रवास किती दिवसांनीं व कोणत्या वाहनानें करावा, हें विचारून घ्यावें. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दहा दिवस विमान टाळतात. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेंत डोळ्यांत वायूचा बुडबुडा सोडला असल्यास तो विरेपर्यंत विमान वर्ज्यच. उंचीवर हवेचा दाब घटून बुडबुडा फुगतो व दृष्टि जाण्याचें भय असतें. अशा रुग्णानें पुण्याकडील घाट चढण्यापूर्वींही विचारावें.

तोंवर मुक्काम रुग्णालयाच्या टापूंत असावा. आप्त नसल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागांत चौकशी करावी. कर्करोग्यांस दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. तेथें राहण्यांत कमीपणा मानूं नये. रेल्वेनें जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या एका सोबत्यास भाड्यांत सवलत मिळते. मात्र रुग्णालयाचा विहित नमुन्यांतील दाखला आधींच घ्यावा.

अटल सेतूवर रिक्षा व दुचाकी यांस मज्जाव आहे, तेव्हां उलव्याकडे येणारांनीं मोटार सांगून ठेवावी. जखम पोटावर असली तरी पट्टा लावावाच. मध्यें मऊ उशी धरावी. लांबच्या वाटेवर तासा-दीड तासानें थांबून रुग्णास चार पावलें चालवावें. फार वेळ एका जागीं बसल्यानें पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होऊं शकते, व ती फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. एक पोटरी सुजून दुखूं लागली किंवा अकस्मात् धाप लागली, तर घर गांठण्याचा हट्ट सोडून जवळचें रुग्णालय गांठावें.

आणि कागदांची पिशवी रुग्णाच्या उशाशींच असावी, औषधेंही तींतच.

त्या दिवशीं आमच्या सूनबाईंनीं कागदांचीं छायाचित्रें मोबाईलवर धाडलीं, औषधांच्या वेळा तोंडपाठ सांगितल्या, आणि उपचारांस दिशा मिळाली. दादा आतां बरे आहेत. परंतु रुग्णाचें सारें जाणणारें जें एक माणूस घरांत होतें, त्यासच आम्हीं घरीं ठेवून चार अजाण पुरुष मोटारींत भरले होते, हें शल्य राहिलें आहे. आमच्या वाचकांनीं तरी सोबतीस कोण जावें हें वयावरून व मानावरून ठरवूं नये.