पर्समधलं पिस्तुल, घरातली बंदूक



शिबिरातलं शेवटचं सत्र संपून सतरंज्या गुंडाळायला लागलं की खरे प्रश्न सुरू होतात, हा आपला नेहमीचा अनुभव. नांदेड-लातूरकडच्या बैठकांत अशा वेळी हल्ली एक प्रश्न येऊ लागला आहे : "ताई, पर्समध्ये मावेल असं पिस्तुल कोणतं घ्यावं? परवाना देतात का बायकांना?" विचारणाऱ्या बाया काही भांडकुदळ नसतात. एखादी स्कूटीवरून वीस किलोमीटर लांबच्या शाळेत जाणारी शिक्षिका असते, एखादी रात्रपाळीची नर्स, तर एखादी लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलीची आई. त्यांची भीती खरी आहे. 'आपली चळवळ अहिंसेची' एवढं सांगून त्यांना गप्प करणं सोपं आहे, पण ते उत्तर नव्हे. म्हणून या अंकात त्याच प्रश्नाविषयी.

बाईने शस्त्र धरणं आपल्या भागाला नवं नाही. निजामाविरुद्धच्या लढ्यात जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांनी हाती बंदूक घेतली होती. नांदेडमध्ये तर अमृतधारी शीख बाया रोज अंगावर कृपाण बाळगतात आणि राज्यघटनेच्या २५व्या कलमात त्या हक्काची स्पष्ट नोंद आहे. तेव्हा 'बाईच्या हाती शस्त्र शोभत नाही' असं म्हणणाऱ्यांशी आपलं काही देणंघेणं नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. पर्समधल्या पिस्तुलाने ही शिक्षिका, ही नर्स, ही मुलगी सुरक्षित होईल का?

दर मोठ्या अत्याचारानंतर बायकांना शस्त्र घ्यायचा सल्ला देणारे पुढारी आपण पाहिले आहेत. जानेवारी २०१३मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात बलात्कार झाला आणि पुढच्याच महिन्यात राज्याच्या एका मंत्र्यांनी पर्समध्ये चाकू आणि मिरचीपूड ठेवायला सांगितलं. बसस्थानकात दिवे लावणं आणि पहारा ठेवणं ज्यांच्या हाती आहे, त्यांनीच हे सांगावं! त्याच सुमारास रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून बायकांना एक खून माफ करा अशी मागणी केली. त्यामागचा संताप आपल्याला समजतो, मागणी मात्र आपली नाही.

सरकारी कारखान्यानेही बाईसाठी शस्त्र काढून पाहिलं. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. सहा गोळ्या, वजन सुमारे अर्धा किलो, दागिन्याच्या डबीसारखी पेटी आणि किंमत १,२२,३६० रुपये. दिल्लीच्या त्या मुलीला लोकांनी दिलेल्या नावावरूनच हे नाव घेतलेलं. आमच्याकडच्या शेतमजूर बाईला दिवसाला ३०० रुपये मिळतात असं धरलं, तरी एक पैसा खर्च न करता तिला चारशेहून अधिक दिवस राबावं लागेल. म्हणजे हे शस्त्र कुणाच्या घरात जाणार ते उघड आहे.

तरी ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी हिशेब करू. छोटं पिस्तुल सोयीचं वाटतं, पण ते चालवायला मोठ्यापेक्षा अवघड. नळी आखूड असल्यामुळे नेम चुकतो आणि वजन कमी असल्यामुळे धक्का हाताला जास्त बसतो. किल्ल्या, कंगवा, मोबाईल यांच्यात ते सुटं ठेवलं तर चाप कशात तरी अडकून गोळी सुटू शकते. म्हणून चाप पूर्ण झाकणारं घट्ट म्यान हवं आणि ते अंगावर बांधायला पट्टा हवा. साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये तो बांधायचा कुठे? मग शेवटी पर्सच. आणि आपल्याकडे पहिल्यांदा हिसकली जाते ती पर्स. त्यातून ते बाहेर काढायला जे चार-सहा सेकंद लागतात, ते हल्लेखोर देत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता, तोही स्थिर लक्ष्यावर, शांत मैदानात. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरवून दिलेली असते. एवढ्या थोड्या काडतुसांत कसला सराव होणार?

आता कायदा. शस्त्र कायदा १९५९चा आणि नियम २०१६चे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्जाबरोबर पोलिसांचा अहवाल लागतो, शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, शस्त्र हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि घरात ते कुलपात ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणूक आली की तुमचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला परवाना नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांत डॉक्टर व्हायला आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींचा प्रश्न इथेच संपला. आणि एकवीस पूर्ण झालेल्या शिक्षिकेचा? परवाना असला तरी शाळा-महाविद्यालयाच्या आवारात, जत्रेत, मिरवणुकीत किंवा सभेत शस्त्र नेता येत नाही. म्हणजे ज्या शाळेच्या वाटेसाठी तिला ते हवं आहे, त्याच शाळेच्या फाटकाशी तिला थांबावं लागेल. राहिला गावठी कट्टा. कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. विनापरवाना पिस्तुल सापडलं तर तुरुंग बाईलाही चुकत नाही.

पण एक हक्क तुमच्याकडे आधीपासूनच आहे आणि त्याला परवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३८व्या कलमाप्रमाणे बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिडच्या किंवा जीव घेणाऱ्या हल्ल्यापासून स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडविधानातही हा हक्क होता. (ॲसिडचा उल्लेख २०१३मध्ये आला.) हातात येईल ती वस्तू, मिरचीपूड, आरडाओरडा, दात, सगळं त्यात येतं. शिबिरांत हे कलम आपण फारसं शिकवत नाही, ते शिकवायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. पिस्तुल अनोळखी माणसासाठी घ्यायचं असतं. आणि बलात्काराच्या नोंदी पाहिल्या तर देशात वर्षानुवर्षं शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. बायकांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा असतो. आपल्याकडे येणाऱ्या बाया आठवून पाहा. त्यांतल्या कितीजणींना मारणारा माणूस अंधाऱ्या गल्लीत भेटला होता?

आपल्याच जिल्ह्यातलं पाहा. जानेवारी २०२३मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या पिंपरी महिपाल गावात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीचा तिच्या प्रेमसंबंधांवरून खून झाला आणि अटक झाली ती वडिलांना, भावाला, जवळच्या नातेवाइकांना. नोव्हेंबर २०२५मध्ये नांदेड शहरात एका तरुणाला गोळी घालून आणि डोकं ठेचून मारलं. त्याचं जिच्यावर प्रेम होतं तिच्या वडिलांना आणि भावांना पोलिसांनी पकडलं. त्या मुलीने त्याच्या मृतदेहाशी लग्न लावलं, हे आपण सर्वांनी वाचलं. शस्त्र होतं, पण ते कुणाच्या हाती होतं आणि कशासाठी वापरलं गेलं?

घरात आलेली बंदूक बाईच्या नावावर असली तरी कपाटाची किल्ली कुणाकडे राहील, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बायांची गत आपण पाहतोच. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, म्हणून तिथे याचा अभ्यास करता आला. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं की मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या वा जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. कॅलिफोर्नियातला २०२२चा अभ्यास आणखी थेट आहे. ज्यांच्या घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पिस्तुल होतं, अशा माणसांचा जोडीदाराच्या हातून खून होण्याचं प्रमाण सुमारे सातपट होतं आणि मरणाऱ्यांत बहुतेक बाया होत्या.

आणि आपल्या शेजारच्या बीडमध्ये? डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. कमरेला पिस्तुल लावून काढलेले फोटो आणि लग्नात हवेत गोळीबार हे तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गवगवा झाल्यावर प्रशासनाने त्यांतले शंभराहून अधिक परवाने रद्द किंवा निलंबित केले. एवढे परवाने महिन्या-दोन महिन्यांत काढून घेता येत होते, तर आधी का घेतले नाहीत? आणि त्या बाराशे घरांतल्या बाया नवऱ्याशी कुठल्या आवाजात बोलत असतील, याची चौकशी कुणी केली?

इथे आपल्याला काम आहे. शस्त्र कायद्याचं १७वं कलम वाचा. सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक वाटलं तर परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ९व्या कलमातली बंदी मुख्यतः शिक्षा झालेल्याला लागू होते आणि छळाच्या खटल्यांत शिक्षा किती होतात ते आपण जाणतो. म्हणून वापरायचं ते १७वं कलम. दुसरं, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे २००६चे नियम. त्यांतल्या १०व्या नियमाप्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेलं शस्त्र जप्त करू शकतात. घटनेचा अहवाल भरताना मारहाण, हुंडा, पोटगी हे सगळं आपण विचारतो. घरात बंदूक आहे का, ती कधी दाखवून धमकावलं का, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. बाईही आपणहून सांगत नाही, कारण तिला ते सामान घरातल्या टीव्हीसारखंच सवयीचं झालेलं असतं. यापुढे हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर 'हो' आलं तर अर्जात ते वेगळ्या परिच्छेदात लिहा, जप्तीचा आदेश मागा आणि अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.

त्या शिक्षिकेला काय सांगायचं? पिस्तुलाचा नाद सोडून दे, पण वाटेची भीती सोडून दे असं आम्ही म्हणणार नाही. त्या वाटेवर कुठे दिवा नाही, कुठली एसटी वेळेवर येत नाही, कुठल्या टपरीवर कोण बसतं, याचा कागद तिने आणि तिच्या सहकारी बायांनी मिळून करावा, तो घेऊन आपण सगळ्या पोलीस अधीक्षकांकडे जाऊ. तोवर ११२ आणि १८१ हे नंबर तिच्या मोबाईलमध्ये असू देत.

नांदेड आणि लातूरच्या गटांना एक विनंती. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाका : जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती, त्यांत बायकांच्या नावावर किती, परवानाधारकांपैकी कितींवर गुन्हे दाखल आहेत आणि गेल्या पाच वर्षांत १७व्या कलमाखाली किती परवाने रद्द झाले. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. जे येईल, अपुरं असलं तरी, त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात दोन्ही जिल्ह्यांची उत्तरं शेजारी-शेजारी छापू.