शिट्टीचा अधिकार रेषेपर्यंतच

उत्तरेकडील एका राज्यात जिल्हाधिकारी असताना मी आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. सामना संपत आला असताना पंचांनी पेनल्टी दिली आणि एका खेळाडूचे वडील थेट मैदानात शिरले. पंच म्हणजे शेजारच्या शाळेतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. त्यांची कॉलर धरली गेली. पोलिसांनी त्या गृहस्थांना बाहेर नेले. तक्रार नोंदवायची का, असे मी विचारले, तेव्हा शिक्षक म्हणाले, ‘नको साहेब, त्यांचा मुलगा चांगला खेळतो.’ ते उत्तर तेव्हा मला उदार वाटले. आज त्यात व्यवस्थेचे अपयश दिसते.

पालकांच्या अशा वर्तनाचे खापर त्यांच्या स्वभावावर फोडणे सोपे आहे. पण शालेय सामन्याचे मोल वाढवले ते शासनानेच. केंद्र सरकारच्या ‘गट क’ पदांवर थेट भरतीच्या जागांपैकी पाच टक्क्यांपर्यंत जागा गुणवंत खेळाडूंमधून भरता येतात आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याचे प्रतिनिधित्व करणारा खेळाडूही त्यासाठी पात्र ठरतो. २०२० मध्ये या सवलतीतील क्रीडाप्रकारांची संख्या ४३ वरून ६३ झाली. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या मुलाला दरमहा दहा हजार रुपयांचा भत्ता मिळतो. हे प्रोत्साहन योग्यच आहे. मात्र सामान्य उत्पन्नाच्या घरातील बापाला ती पेनल्टी केवळ एक गोल वाटत नाही. मुलाची नोकरी हातची गेली, असे वाटते. सामन्याची किंमत वाढवताना निर्णय देणाऱ्याचे संरक्षण वाढवायला आपण विसरलो.

इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये फुटबॉलचे दोन पंच दोन्ही संघांचे असत आणि त्यांचे एकमत झाले नाही, तरच रेफरीकडे दाद मागितली जाई. तो मैदानाबाहेर असे. १८९१ मध्ये तो मैदानात आला आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती एकवटला. पण तो अधिकार रेषेपाशी संपतो. २०१९ पासून तो गैरवर्तन करणाऱ्या प्रशिक्षकाला कार्ड दाखवू शकतो, प्रेक्षकाला नाही. बाहेरून व्यत्यय आला, तर त्याच्या हाती एवढेच उरते, की सामना थांबवावा किंवा रद्द करावा. म्हणजे शिक्षा मुलांनाच. बुद्धिबळात मात्र ढवळाढवळ करणाऱ्या प्रेक्षकाला सभागृहाबाहेर काढण्याचा अधिकार पंचाला नियमानेच आहे.

त्यामुळे हा प्रश्न खेळाच्या नियमांइतकाच प्रशासनाचा आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली. मुलांच्या सामन्यांत पालकांनी उभे राहण्याची जागा दोरी वा पट्टी लावून वेगळी करणे आणि त्यांच्यासाठी आचारसंहिता ठरवणे, हे तिचे साधे उपाय. गैरवर्तन त्यामुळे संपले नाही; पण रेषेबाहेरचे वर्तनही संयोजकांच्या कक्षेत येते, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

आपल्याकडे तीन गोष्टी तातडीने करता येतील. प्रत्येक शालेय सामन्याला पंचाव्यतिरिक्त एक जबाबदार अधिकारी नेमावा. प्रेक्षकांची जबाबदारी त्याची, पंचाची नव्हे. निर्णयाविरुद्धची हरकत केवळ संघ व्यवस्थापकाने लेखी आणि ठरलेल्या वेळेत नोंदवावी. दाद मागण्याचा रस्ता मोकळा असेल, तर कुंपण ओलांडण्याचे समर्थन उरत नाही. तिसरे, मैदानात घुसणाऱ्या पालकाला उरलेल्या स्पर्धेत प्रवेशबंदी करावी. मुलाला मात्र खेळू द्यावे. संघाचे गुण कापले, तर पालक आपोआप वठणीवर येतील, असे काही संयोजक मानतात. पण बापाच्या अपराधाची शिक्षा मुलाला देणे न्याय्य नाही, आणि त्या मुलाला घरी काय सोसावे लागेल, याचाही विचार हवा.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ ने क्रीडा संघटनांकडून आचारसंहिता आणि सुरक्षित क्रीडा धोरणाची अपेक्षा केली आहे. ती दिल्लीतील कार्यालयांत न थांबता तालुक्याच्या मैदानापर्यंत उतरायला हवी. त्या शिक्षकाने मुलाकडे पाहून बापाला क्षमा केली. क्षमा करण्याचा अधिकार त्याचा होता. पण त्याच्यावर ती वेळ न येऊ देण्याची जबाबदारी माझ्यासारख्या अधिकाऱ्याची होती. त्या दिवशी मी बक्षिसे वाटून परतलो.