जुन्या ट्रॅक्टरचा खरा रंग



खंडेनवमी जवळ आली की गावच्या पेंटरकडे रांग लागते. त्यात एखादा आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टरही असतो. “मूळचा लाल मारा,” एवढे सांगून मालक घरी जातो. रंगून येतो तो ट्रॅक्टर कुंकवासारखा भडक, नाहीतर विटेसारखा मळकट. घरातली जाणती माणसे म्हणतात, “हा आपला नव्हे!” दोष पेंटरचा नसतो. मूळचा लाल कोणता, हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते.

बॉनेटकडे बोट दाखवून भागत नाही. वर्षानुवर्षे ऊन खाल्ले की रंगाला धरून ठेवणारी राळ झिजते आणि वर खडूसारखी पूड सुटते. हात फिरवल्यावर तळवा लाल होतो तो यामुळेच. त्यावरून जुळवलेला रंग म्हणजे विटक्या रंगाची नक्कल.

आधी ट्रॅक्टरचा कूळ-इतिहास पाहा. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 साली कंपनी काढली. तिचा मुंबईत बनलेला बी-275 लाल होता. पण प्रत्येक जुना ट्रॅक्टर तसा नसतो. इंग्लंडमध्ये 1946 ते 1956 या काळात बनलेला फर्ग्युसन टीई-20 करडा होता. पुढचे मॅसी फर्ग्युसन लाल म्हणून त्यालाही लाल फासला, तर त्याची ओळखच पुसली जाते.

मग खरा रंग शोधायचा कुठे? जिथे ऊन पोचले नाही तिथे. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, नावाच्या पट्टीखालची जागा, मडगार्डचा सांधा. साबणाच्या पाण्याने वंगण पुसा. रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलये उमटतील. मधोमध पत्रा, त्याभोवती तांबूस किंवा करडे अस्तर आणि अस्तराला लागून असलेला थर तो मूळचा रंग. अस्तरालाच रंग समजू नका.

दुकानात सुटा होणारा भागच घेऊन जा. मोबाईलमधल्या फोटोत रंग बदलतो. नमुना पत्र्याच्या पट्टीवर लावून पुरता वाळू द्या, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. तो दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पाहू नका, दिवसाउजेडी अंगणात पाहा. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची द्रव्ये असत. आताची द्रव्ये निराळी, म्हणून प्रत्येक उजेडात तंतोतंत मेळ बसेलच असे नाही. दिवसाच्या उजेडात जुळला, की पुरे. रंग मात्र सांध्यापासून सांध्यापर्यंत मारा. मधेच मारलेले ठिगळ लपत नाही.

माऊलींनो, आता तुमच्यासाठी महत्त्वाचे. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते आणि खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे चाटून जनावरे दगावतात. तेव्हा हे काम गोठ्यापासून, वैरणीपासून आणि पाण्याच्या हौदापासून दूर करा. कोरडे घासू नका, जुना रंग जाळू नका. खाली जाड कागद अंथरा. पापुद्रे गोळा करून डब्यात बंद करा, उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर खताबरोबर ते शेतात जातील. त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नका.

शेवटची विनंती. सगळा ट्रॅक्टर खरवडण्याआधी टूलबॉक्सच्या आत तळहाताएवढा मूळ रंग तसाच राखा. नव्या रंगाचा नंबर आणि मिश्रणाचे प्रमाण कागदावर लिहून ट्रॅक्टरच्या कागदपत्रांत ठेवा. एकदा सगळे खरवडले, की विचारायला दुसरी जागा उरत नाही.