वेग वाढविला म्हणून पडदा झिजतो काय?

व्यापारी घरात वस्तू घेण्यापूर्वी जेवढा विचार होतो, तेवढाच ती घेतल्यानंतर टिकविण्याचाही होतो. बेताने वापरलेली वस्तू अधिक वर्षे चालते, हा पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे मुलाने हट्टाने आणलेल्या गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर १४४ हर्ट्झ हा आकडा दिसला, की वडीलधारी मंडळी सहज सांगून जातात, ‘साठावर ठेव, उगाच पळवू नकोस.’ या सल्ल्यामागील काळजी रास्त आहे. पण ती योग्य जागी लागली आहे काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पडद्यावरील चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने रेखाटले जाते, ती संख्या म्हणजे रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, तर १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. त्यामुळे वेगवान खेळात हालचाल सलग आणि स्वच्छ दिसते.

अधिक वेगाने पडदा खराब होईल ही भीती अगदी निराधार जन्मलेली नाही. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर इलेक्ट्रॉनांचा झोत पडदाभर फिरवून चित्र उमटवीत. मर्यादेबाहेरचा वेग दिल्यास झोत फिरविणाऱ्या विद्युतमंडलावर ताण येई, आणि संरक्षक योजना नसलेल्या मॉनिटरमध्ये ते मंडल जळण्याचाही धोका असे. ते मॉनिटर गेले. त्यांच्याविषयीची सावधगिरी मात्र मागे राहिली.

आजच्या एलसीडी पडद्यात फिरणारा किंवा घासणारा भाग नाही. त्यातील द्रवस्फटिक विजेच्या दाबानुसार दिशा बदलतात आणि मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा पुढे सोडतात. म्हणून दुचाकीच्या इंजिनाची उपमा येथे फसवी ठरते. उलट, विजेचा दाब सतत एकाच दिशेने राहिला तर हे स्फटिक बिघडतात. त्यासाठी त्याची दिशा वारंवार पालटण्याची योजना पडद्यातच केलेली असते. वेग वाढविल्यावर हे काम अधिक वेळा होते, पडदा चालविणाऱ्या चिपांना थोडी अधिक वीज लागते आणि त्या किंचित अधिक तापतात. परंतु उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेत या फरकाने मॉनिटरचे आयुष्य जाणवण्याइतके घटत नाही.

मग झिजते काय? झिजतो तो प्रकाश. पडद्यामागील एलईडी दिव्यांचे आयुष्य साधारणपणे ३०,००० ते ५०,००० तास सांगितले जाते. तेवढ्या तासांनी दिवा विझतो असे नाही. त्याचे तेज ठरावीक मर्यादेपर्यंत उतरते. रोज आठ तास वापर धरला, तर ३०,००० तास म्हणजे दहा वर्षांहून थोडे अधिक. हा काळ पडदा किती तेजाने आणि किती तास पेटता राहतो यावर अवलंबून असतो. ब्राइटनेस कमी केला की दिव्यांतून जाणारी वीज घटते, उष्णता घटते आणि झीज मंदावते.

दुसरा शत्रू उष्णता. वीजपुरवठ्याच्या भागातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापाने हळूहळू सुकत जातात. तापमान दहा अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य जवळपास दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवलेला, झरोके धुळीने बुजलेला मॉनिटर ६० हर्ट्झवरही लवकर थकेल. मोकळ्या हवेतला १४४ हर्ट्झवरही नीट चालेल. विजेचा दाब अचानक वाढण्याचे भय वेगळेच आहे. पावसाळ्यात विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवणे हीच खरी काळजी होय.

ओएलईडी पडद्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि प्रकाशता प्रकाशता जुना होतो. एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिले, तर त्याचा फिकट ठसा कायमचा उमटू शकतो. रात्री खेळासाठी वापरला जाणारा असा मॉनिटर दिवसा बिलिंगच्या कामाला जुंपला आणि तोच तक्ता दिवसभर समोर राहिला, तर खेळाच्या वेगापेक्षा त्या तक्त्याचेच भय अधिक. डेलने २०२२ मध्ये एलियनवेअर मालिकेतील क्यूडी-ओएलईडी मॉनिटरला दिलेल्या तीन वर्षांच्या हमीत अशा ठशाचाही समावेश केला होता. प्रत्येक उत्पादक अशी हमी देतोच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी हमीपत्रातील हे कलम वाचावे.

वेगाचा खर्च मुळीच नाही, असे मात्र नव्हे. तो पडतो संगणकावर. अधिक चित्रे रेखाटण्यासाठी ग्राफिक्स कार्ड अधिक वीज घेते, तापते आणि पंख्याचा आवाज वाढतो. हिशेबाच्या कामापुरता पडदा ६० हर्ट्झवर ठेवला, तर थोडी वीज वाचू शकते; त्या बचतीला मॉनिटरचे आयुष्य वाढविणे म्हणू नये. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेच्याही पलीकडे बळेच वेग वाढविण्याचा प्रकार मात्र टाळावा. त्यात चित्र तुटते, अस्थिर होते आणि हाती विशेष काही लागत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. अधिक वेगाच्या मॉनिटरसाठी अधिक दाम मोजलेले असते. तो कायम ६० हर्ट्झवर ठेवणे म्हणजे भांडवल गुंतवून ते पडून ठेवणे. अनेक घरांत तो नकळतच तसा चालतो, कारण विंडोजमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन वेग निवडावा लागतो, हे कोणी पाहिलेलेच नसते. शिवाय केबलही त्या वेगाला पुरेशी असावी लागते.

काटकसर हा गुणच आहे. पण तिची नजर नेमकी हवी. ब्राइटनेस खोलीच्या उजेडाला शोभेल इतकाच ठेवावा, काम थांबताच पडदा आपोआप बंद होईल अशी सोय करावी, झरोके पुसून घ्यावेत आणि विजेच्या चढउतारापासून संरक्षण द्यावे. एवढे केल्यावर वेग खुशाल पूर्ण ठेवावा. त्यासाठीच तर दाम मोजलेले असते.